दोन पायल्या हळवी नाचणी

मला राग लवकर येतो आणि जाता जात नाही. हे घराण्यातच आहे. माझ्या आईने एका जावेशी अबोला धरला होता, आणि कशावरून धरला ते दोघींनाही आठवेना तरी तो सोडला नाही. तेव्हा मी साहेबांना माफ केलं नाही यात माझं काही कर्तृत्व नाही.

ऐंशीच्या आगेमागे आम्ही वाशीला राहत होतो. नवरा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात होता आणि मी शेतीखात्याच्या कचेरीत मदतनीस होते. माझी नोकरी कच्ची होती. साहेबांच्या एका शेऱ्यावर ती पक्की व्हायची होती, आणि साहेब आमच्याच बाजूच्या बिल्डिंगमध्ये राहत होते. हे सगळं आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी जे वागले त्याला नवी सबब शोधत बसायला नको.

माझं काम खारघरच्या डोंगरावरच्या वाड्यांमध्ये होतं. पाऊस दगा देईल तेव्हा तिथल्या लोकांच्या हाताशी काहीतरी उरावं, असं बघायचं. मी हे सांगितलं की बिल्डिंगमधल्या बायका हसायच्या. "कोकणात कसला गं दुष्काळ? इथे तर चपला वाळत नाहीत." त्यांचंही खरंच होतं. पाऊस मुसळधार पडायचा, पण डोंगरावर माती घोट्याइतकी. पडलेलं पाणी उतारावरून निघून जायचं ते थेट खाडीला. मध्ये दहा-बारा दिवस उघडीप पडली तरी रोपं माना टाकायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गौरी गेल्या की पाऊसही गेला, असं व्हायचं. दाणा भरायच्या वेळेलाच ओल संपायची. मी अशी दोन वर्षं लागोपाठ पाहिली. वाडीतून खाली बघितलं की वाशीच्या बिल्डिंगा दिसायच्या. आमच्या गच्चीवरची टाकी रोज सकाळी भरून वाहायची, ते पाणी मला तिथे आठवायचं. तिकडे बोट करून वाडीतली माणसं मला काही बोलत नसत, पण मीच नजर फिरवायचे.

त्या वाडीत ठाकरांची वीस-बावीस घरं होती आणि बी सांभाळणारी एक बाई होती. पन्नाशीची, काटक, नवरा वारलेला, एक मुलगा आणि सून घरात, लेक डोंगराच्या पलीकडच्या वाडीत दिलेली. मी तिला मावशी म्हणायचे. डोंगरावर नाचणीचे तीन प्रकार होते. हळवी लवकर पिकणारी, गरवी उशिरा पिकणारी आणि दोघींच्या मधली निमगरवी. हळवीचा दाणा बारीक, पीकही कमी, म्हणून बाकीच्या वाड्यांनी ती केव्हाच टाकून दिली होती. पण पाऊस लवकर गेला तरी हळवी हाती लागायची. त्या दोन वाईट वर्षांत या वाडीने भाकरी खाल्ली ती हळवीचीच. बी पेंढ्याच्या मुडीत बांधून मावशी चुलीवर, धुराच्या वाटेत टांगून ठेवायची.

वाडीची एक रीत होती. बी विकायचं नाही, आणि बी मागायला आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. वैऱ्यालासुद्धा नाही. लग्न होऊन जाणारी पोरगीही मूठभर बी पदराला बांधून घेऊन जायची. मला ही रीत माहीत होती, आणि ती माहीत होती म्हणूनच मी मागितलं.

माझ्या डोक्यात योजना होती. वाडीतली हळवी खात्याच्या मळ्यावर लावायची, वाढवायची आणि पुढच्या वर्षी डोंगरावरच्या सगळ्या वाड्यांना वाटायची. साहेबांना मी ती समजावून सांगितली. साहेब कधी डोंगर चढले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकायची त्यांची पद्धत होती, पण त्या दिवशी त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "नमुना आणा," म्हणाले. मी मूठभर आणते म्हटलं, तर म्हणाले, "मुठीने काय होतंय? दोन पायल्या तरी आणा."

होळी झाल्यावर मी वर गेले. मावशीने मुडी खाली काढली, मोजली. तीन पायल्या होत्या.

"पुरं देऊ?" तिने विचारलं.

"दोन द्या. तपासणी झाली की पेरणीच्या आधी परत आणून देते. त्यातलं मूठभर मळ्यावर वाढवू, मग दहापट देईन."

"दहापट नको. माझं तेवढं आन. एकच पायली राहील, ती निम्म्याच वाडीला पुरंल." तिने दोन पायल्या मोजल्या आणि वर एक चिमूट टाकली. "चिमनीच्या वाटनीची," म्हणाली.

ते पोतं मी बसमधून मांडीवर घेऊन आले आणि साहेबांच्या घरी नेऊन दिलं. कचेरीत उंदीर आहेत, माझ्या घरी आणून द्या, मळ्यावरची गाडी आली की पाठवतो, असं त्यांनीच सांगितलं होतं.

वैशाखात साहेबांच्या बायकोने पापडांसाठी बोलावलं. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. उन्हाळ्यात बिल्डिंगमधल्या बायका आळीपाळीने एकमेकींचे पापड लाटून देत, त्यात विशेष काही नव्हतं. गच्चीवर साड्या पसरलेल्या, चौघी-पाचजणी पोळपाट घेऊन बसलेल्या. नाचणीचे पापड होते. मला लाट्या फार आवडतात. उकडलेल्या पिठाची गरम लाटी तेलात बुडवून खायची, तिखटाने डोळ्यांत पाणी यावं अशी. मी पाच-सहा खाल्ल्या. म्हटलं, "वहिनी, काय चव आहे! कुठली हो नाचणी?"

"अगं, तूच नाही का आणलीस? ठाकरवाडीची! हे म्हणाले, गाडी काही आली नाही, आता पोरकिडा लागेल, वापरून टाका. माझ्या सासूबाईंना साखर आहे ना, त्यांना नाचणी बरी."

माझ्या तोंडात लाटी होती. मी ती गिळली. त्या क्षणी उठावं, पोळपाट भिरकावून द्यावा, असं मनात आलं, हे मी शपथेवर सांगते. पण मी लाटणं खाली ठेवलं नाही. "छान झालेत," म्हटलं आणि दुपारपर्यंत लाटत राहिले. शंभराच्या वर पापड माझ्या हातचे होते. जाताना वहिनींनी माझा वाटा म्हणून वीस पापड बांधून दिले.

घरी येऊन मी रडले. नवरा म्हणाला, "नोकरी पक्की व्हायची आहे, आता टेन्शन घेऊ नकोस. बोलून काय पिठाचे दाणे होणार आहेत?" त्याचं म्हणणं मला पटलं, आणि पटलं याचाच जास्त राग आला. वीस पापड मी पत्र्याच्या डब्यात भरले आणि डबा माळ्यावर टाकला. एक दिवस हे पापड साहेबांच्या घशात घालीन, असं मी स्वतःलाच सांगितलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. साहेबांना खवखवत नव्हतं, तर मी खवखव लावणार होते.

मिरगाच्या आधी मावशी स्वतः वाशीला आली. करवंदांची पाटी डोक्यावर होती. बेलापूरपासून चालत आलेली. दारात उभं राहूनच तिने विचारलं, "बाय, बी?"

"तपासणीला गेलंय," मी म्हटलं. "येईल."

"येऊ दे. रोपासाठी राब भाजून झालाय. पानी पडलं की टाकायचंच हाय." तिने मला ओंजळभर करवंदं दिली आणि निघाली. चहा घ्या म्हटलं तर थांबली नाही, तिला दिवाळ्याच्या कोळीवाड्यात जाऊन सुकट घ्यायची होती.

आठ दिवसांनी तिचा मुलगा आला. मी तेच सांगितलं. त्यानंतर कोणी आलं नाही. पाऊस सुरू झाला आणि निम्म्या वाडीने खालच्या गावातून गरवीचं बी आणून टाकलं. मी वर गेले तेव्हा रोपं हिरवीगार होती. मावशीने मला बियाबद्दल विचारलं नाही, पाणी दिलं, खुशाली विचारली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. देवाला मी त्या वर्षी एकच मागत होते, की पाऊस नवरात्रापर्यंत टिकू दे.

गौरी गेल्या आणि पाऊस गेला. त्याच महिन्यात माझी नोकरी पक्की झाली.

गरवी कणसात येऊन उभ्या उभ्या वाळली. मावशीच्या एका पायलीची जी हळवी होती ती पिकली, पण ती निम्म्या वाडीचीच. एका घराने खायचं आणि शेजारच्याने बघायचं, असं तिथे होत नाही. सगळ्यांनी मिळून खाल्ली, आणि बियाला दाणा उरला नाही. दिवाळीनंतर वाडी रिकामी होऊ लागली. मावशीचा मुलगा आणि सून खाली खाणीत दगड फोडायला गेले. आमच्या नव्या शहराला खडी लागत होती. रोज दुपारी सुरुंगाचा आवाज यायचा, आणि मला साहेब आठवायचे. कचेरीत मी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी राहायचे आणि मनातल्या मनात त्यांना त्या उन्हात उभं करायचे, हातात घण देऊन.

साहेबांनी वर्षाचा अहवाल लिहिला. त्यात 'स्थानिक हळव्या बियाण्याची चाचणी समाधानकारक, वाटप पूर्ण' असं वाक्य होतं. अहवाल सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं काम माझ्याकडेच असायचं. मी तो उतरवला, एकही काना-मात्रा चुकवली नाही. मला आता घाई नव्हती.

पौषात वरचे मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं. अहवाल वाचून त्यांना ती वाडीच बघायची होती. आमच्या साहेबांचं तोंड उतरलं, आणि मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी मोरीत जाऊन नळ सोडला. पाहुण्यांचं जेवण वाडीतच करायचं ठरलं. मी बाईमाणूस, म्हणून जेवणाची जबाबदारी ओघानेच माझ्यावर आली. मी माळ्यावरचा डबा काढला. वीसच्या वीस पापड शाबूत होते.

वाडीत पुऱ्या-भाजी खालूनच नेली होती. पापड मात्र तिथेच भाजायचे होते. मावशीच्या चुलीत निखारे होते. मी डबा तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "मावशी, एवढे भाजून द्या. नीट भाजा, साहेबांना वाढायचेत." तिने पदर खोचला आणि एकेक पापड उलटसुलट करून, न करपवता भाजला. मी शेजारी बसून बघत होते. माझं सगळं लक्ष बाहेर साहेब काय करतायत तिकडे होतं.

मोठे साहेब साधे गृहस्थ होते. जेवताना त्यांनी विचारलं, "ते हळवं बियाणं कुठे लावलं होतं? जेवण झाल्यावर दाखवा."

आमचे साहेब म्हणाले, "जरा लांब आहे, सर."

मी पापडांचं ताट घेऊन उभीच होते. मोठ्या साहेबांच्या पत्रावळीत एक पापड ठेवला आणि म्हटलं, "लांब नाही, साहेब. हेच ते बियाणं. या वाडीने दोन पायल्या दिलं होतं. आमच्या साहेबांच्या गच्चीवर वाळलं. मी स्वतः लाटलंय."

आमचे साहेब पांढरेफटक पडले. त्यांच्या हातातला घास हातात राहिला, आणि तो मी बघत राहिले. आठ महिने ज्यासाठी दात-ओठ खाल्ले ते डोळ्यांसमोर होतं, आणि ते मला मनापासून आवडलं. खोटं कशाला सांगू? आजही ते आठवलं की मला बरं वाटतं. मोठ्या साहेबांनी पापड उचलून बाजूला ठेवला, हात धुतला आणि म्हणाले, "चला."

ते सगळे उतरून गेले. मी भांडी आवरायला मागे राहिले. मावशी चुलीपाशीच बसली होती. तिने ऐकलं होतं. उरलेल्या पापडांपैकी एक तिने हातात घेतला होता.

"हे माजं बी?" तिने विचारलं.

"हो. पण आज त्याची कशी जिरवली बघितलंत ना? आता त्याचं काही खरं नाही."

"तुला कंदी कळलं?"

"वैशाखात."

"मी तुला मिरगात इचारलं व्हतं," ती म्हणाली. मग हातातला पापड उलटा करून बघितला आणि म्हणाली, "आनी आज माज्याच हातानं भाजून घेतलंस."

मी नोकरीचं सांगितलं. नवऱ्याचं सांगितलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिने पापड मोडला नाही, चुलीत टाकला नाही, परत डब्यात ठेवला आणि डबा माझ्याकडे सरकवला.

दोन महिन्यांत साहेबांची बदली झाली. तीही देशावर, माझ्या माहेरच्या कोरड्या बाजूला. मी वाशीच्या दुकानातून पाव किलो पेढे आणले आणि घरात एकटीने बसून खाल्ले. सामानाचा ट्रक लागला त्या दिवशी मी मुद्दाम खाली जाऊन उभी राहिले. वहिनी मला बघून थांबल्या. मला वाटलं आता भांडतील, आणि मी तयारच होते.

"त्या दिवशी मला सांगायचं होतंस गं," त्या म्हणाल्या. "मला काय माहीत ते बी होतं? निम्मी नाचणी तशीच डब्यात होती, दळलीसुद्धा नव्हती. बांधून दिली असती तुला. मग ती आम्ही पावसाळ्यात भाकऱ्यांना काढली."

ट्रक गेला तरी मी तिथेच उभी होते. एक पायली. गच्चीवर लाटणं खाली ठेवलं असतं तर एक पायली बी परत गेलं असतं, आणि उरलेल्या वाडीनेही हळवी टाकली असती. हे मी मावशीला कधी सांगितलं नाही. माझा सगळा संताप साहेबांवर होता, तो त्या दिवशी अर्धा माझ्याकडे वळला आणि मग तिथेच राहिला.

मावशीने खात्याची वाट बघितली नव्हती. पलीकडच्या वाडीतल्या लेकीने लग्नात मूठभर हळवी नेली होती, ती तिने तिकडे जपली होती. मावशी स्वतः डोंगर ओलांडून गेली, ते बी आणलं आणि दोन पावसाळ्यांत वाडीपुरतं करून घेतलं. तिसऱ्या उन्हाळ्यात मी वर गेले तेव्हा चुलीवर मुडी टांगलेली दिसली. मला फार बरं वाटलं. जुनी योजना डोक्यात परत उभी राहिली. नवीन साहेब भले होते, पण बी मी आता कचेरीच्या वाऱ्यालाही उभं करणार नव्हते. आमच्या बिल्डिंगमागे रिकामी जागा होती. तिथे मीच रोप करणार, मीच वाढवणार आणि मीच डोक्यावर घेऊन वाड्यांना वाटणार.

"मावशी, ओंजळभर बी द्याल?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. "मागितलं तर द्यावंच लागतं," म्हणाली. "आज नाय. परवा ये, काढून ठेवते."

परवा तिने पळसाच्या पानांत बांधलेली पुडी दिली. मी ती कपाळाला लावली.

मिरगाच्या आधी मी बिल्डिंगमागे काटक्या-पाचोळा पसरून राब भाजला. सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. "मॅडम, धूर कसला हा? वरच्या मजल्यावर कपडे वाळत घातलेत!" मी त्यांना दुष्काळ, डोंगर, हळवी नाचणी सगळं ऐकवलं. ते हात जोडून निघून गेले. पाऊस पडला आणि मी बी टाकलं. नाचणी पाच-सात दिवसांत वर येते. मी रोज सकाळी कचेरीला जायच्या आधी वाकून बघायचे. आठव्या दिवशी तण आलं. पंधरा दिवसांनी कुठून तरी भोपळ्याचा वेल आला. नाचणीचं एक पातं आलं नाही.

मी माती उकरली. दाणे होते तसेच होते, फक्त फुगलेले. पुडीच्या तळाला चार कोरडे दाणे चिकटून राहिले होते, ते मी दातांखाली धरले. ते लाहीसारखे कुरकुरीत फुटले. इतकी वर्षं शेतीखात्यात काढून माझ्या नजरेला रंगातला फरक कळला नव्हता. मंद निखाऱ्यावर, न करपवता, नीट भाजलेले होते.

श्रावणात कामानिमित्त वाडीवर जावंच लागलं. काही बोलायचं नाही असं ठरवून गेले होते. मावशी शेतात होती. हळवी गुडघ्याएवढी झाली होती. तिने मला बघून हातातली गवताची पेंढी खाली ठेवली.

"उगवलं का, बाय?"

गच्चीवर मी "छान झालेत" म्हटलं होतं. दारात "येईल" म्हटलं होतं. या वेळी खोटं बोलावंसं वाटलं नाही.

"नाही उगवलं," मी म्हटलं.

"मंग खायाचं व्हतं," ती म्हणाली. "भाजलेलंच व्हतं." आणि पेंढी उचलून ती पुढच्या ओळीला गेली.